सुया की क्रोशा? (भाचरासाठी, आणि तंबाखूच्या जागी)

चौथी सीट

नमस्कार. घरात विचारलं तर आई हसते, म्हणून इथे विचारतोय. विणायला शिकायचंय. दोन सुयांवर शिकू की क्रोशा?

तंबाखू सोडून आज ४३ दिवस झाले. सवय १६ वर्षांची. तोंडाचं बडीशेपेवर भागतं, पण हातांचं काय करायचं? डबी काढा, चुना लावा, मळा, थाप मारा, हे हातांना दिवसातून दहा वेळा आठवतं. त्यातून बदलापूर-दादर रोजचं येणंजाणं. मोबाइल बघून डोकं चढतं.

दुसरं कारण म्हणजे बहिणीला मार्गशीर्षात बाळ होणार आहे. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, पण तिचे डॉक्टर नाशिकचे, म्हणून आईच तिकडे जाणार. बाळंतविडा आई आणि मावशी करतील, त्यात एक टोपडं मामाच्या हातचं असावं असं मनात आहे.

आजीच्या ट्रंकेत अ‍ॅल्युमिनियमच्या लांब सुयांची जोडी सापडली, त्यांवर १० आकडा आहे. सोबत एक स्टीलची हूकवाली सुई, दात कोरायच्या काडीएवढी. रविवारी व्हिडिओ लावून त्या हुकाने लोकरीच्या साखळ्या घालायला बसलो. लोकर पिंजली जाते, पदर सुटे होतात. अर्ध्या तासात ९ साखळ्या! माझी बोटं जाड की क्रोशा असाच असतो?

उलटसुलट

मामा म्हणजे माझ्यापेक्षा लहानच असणार, अरे-तुरे करते. साताऱ्यात ३० वर्षं शाळेत शिवण शिकवलंय, तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

तुझ्या बोटांना काही झालेलं नाही. ती सुई दोऱ्याची आहे. आजीने तिच्यावर तोरणं, ताटावरचे रुमाल केले असतील. लोकरीला ४ मिमीचा हूक घे, आकडा दांड्यावरच असतो. लोकर फिकट रंगाची आणि गुळगुळीत घे. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसतच नाही, मग नवशिका स्वतःला दोष देत बसतो.

आता मुख्य प्रश्न. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा असतो. अंबरनाथला कुणी धक्का मारला, हूक निसटला, तर तो एक टाका उचलायचा आणि पुढे चालू पडायचं. सुयांवर साठ टाके घातले असतील तर साठच्या साठ उघडे. एक पडला की खाली ओळीओळीने शिडी उतरत जाते. ती परत चढवता येते (गंमत म्हणजे क्रोशाच्या हुकानेच), पण नवीन माणसाला घाम फुटतो. शिवाय तुझं नावच चौथी सीट. तिथे टेकून १४ इंची सुया चालवशील तर शेजारच्याच्या बरगडीत जातील आणि तू तंबाखूकडे परत जाशील.

म्हणून गाडीत क्रोशा. आधी साधा चौकोन कर, नुसत्या खांबांचा (खांब म्हणजे हुकावर आधी एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका). क्रोशाला सुयांपेक्षा लोकर जास्त लागते हे धरून चाल. झालेला चौकोन तांब्याखाली ठेव, गरम कढईखाली नको. बाजारातली स्वस्त लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते, ती वितळते.

टोपडं मात्र सुयांवर कर. सुयांवरचं विणकाम ताणलं जातं आणि परत जागेवर येतं, म्हणून ते डोक्यावर धरून बसतं. क्रोशा जाडसर होतो, आणि खांबांच्या फटींतून नाशिकची थंडी आत जाते. आजीच्या १० नंबरवर बारीक लोकर छान बसेल. (सुयांचा हा आकडा वाढला की सुई बारीक होते, उलटा हिशेब आहे.) घरी रात्री रोज चार सुया (म्हणजे चार ओळी) सुलट, एवढंच.

लीड्सकर

ताईंचं बरंचसं पटलं, पण सुरुवात क्रोशाने हे नाही पटलं. मी शिकताना माझा प्रत्येक चौकोन त्रिकोण व्हायचा. हूक पुढे कुठे घालायचा तेच कळत नाही. सुयांवर निदान पुढचा टाका समोर उभा असतो. सगळ्या सुया सुलट विणल्या तरी मफलर होतो, उलट टाका शिकायचीही गरज नाही.

आणि व्हिडिओ बघताना बाई अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला इथे ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि तिकडचा डबल म्हणजे इथला ट्रेबल. मी अख्खी शाल चुकीच्या टाक्यात केली. नवऱ्याने ती गाडीच्या मागच्या सीटवर टाकली आहे.

रात्रपाळी

प्रसूती वॉर्डात नर्स आहे, विणकामातलं ओ की ठो कळत नाही. मापाचं सांगते. नऊ महिने भरलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंमी घेराचं असतं. टोपडं ताणून बसायला हवं, म्हणून ३० ते ३२ सेंमी ठेवा. हनुवटीखाली लांब नाड्या नकोत, मोती-बटणं नकोत. आतल्या गाठी मऊ हव्यात. हौशी मामा-मावश्यांची टोपडी बहुतेक वर्षाच्या मुलाला बसतील अशी येतात!

चौथी सीट

तीन आठवड्यांनी येतोय. ४ मिमीचा हूक घेतला, पिवळी लोकर घेतली. पहिल्या दिवशी पिशवीतून बाहेर काढायलाच डोंबिवली गेली. समोरचे काका ठाण्यापर्यंत बघत होते. मग म्हणाले, "हूक पेनासारखा धरू नका, सुरीसारखा धरा, आमची ही तसा धरते." तसा धरल्यावर मनगट दुखायचं थांबलं. आता ते रोज जागा धरतात आणि प्रगती तपासतात.

घरी सुयाही सुरू आहेत. आई आता हसत नाही, टाके मोजते. पुडी ६४ दिवस बंद. मधे एकदा घेतली होती, न फोडता दादरच्या पुलावर कचऱ्यात टाकली.

पण लीड्सकर म्हणतात तेच झालंय. पहिल्या ओळीत २१ खांब मोजून घातले होते. सहाव्या ओळीत १६. हे पाच गेले कुठे? मी एकही टाका सोडल्याचं आठवत नाही.

लीड्सकर

😂 स्वागत आहे त्रिकोणात.

उलटसुलट

दर ओळीला एक जातोय, म्हणजे चूक एकच आहे आणि ती कडेला आहे. ओळ वळवताना तू तीन साखळ्या घालतोस ना? त्या तीन साखळ्या म्हणजेच त्या ओळीचा पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्यांच्या डोक्यात घालायचा असतो. त्या कडेला चिकटून बसतात, खांबासारख्या दिसत नाहीत, म्हणून तू त्यांच्या आधीच वळतोस. दुसऱ्या ओळीपर्यंत उसव. आता घालशील त्या प्रत्येक तीन साखळ्यांच्या वरच्या साखळीत वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेव, आणि दोरा दिसेपर्यंत वळू नकोस. काकांनाही सांग, ते लक्ष ठेवतील.