शाळा व्यवस्थापन समिती आणि मुलांचं नागरिकशास्त्र

प्रश्न (पालक, जि. प. शाळा): समितीत पालक सक्रिय झाले तर मुलांच्या नागरिकत्व शिक्षणात खरंच फरक पडतो का?

चावडीकर: पडतो, पण मुलांना प्रक्रिया दिसली तरच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१नुसार समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला लागतात. घोळ इथेच होतो. मुख्याध्यापक नावं ठरवतात, शिपाई घरोघरी सह्या घेतो. मग मुलं शिकतात ते एवढंच, की निवडणूक कागदावर होते. म्हणून पालकसभेतच उघड निवड घ्या, वरच्या वर्गांना बघायला बसवा.

खडूफळा: त्याला जोडून, कलम २२चा शाळा विकास आराखडा. आधी बालसभेत मुलांकडून मागण्या घ्या: नळ, स्वच्छतागृह, वाचनालय. समितीने प्रत्येक मागणीपुढे ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर, कारण’ लिहून फलकावर लावावं. नकाराचं कारण कळणं सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच गाळलं जातं. बैठक संध्याकाळी ठेवा. दुपारी मजुरीवरचे पालक येत नाहीत.

चावडीकर: आणि मुलांचे प्रकल्प पालकांनी करून देणं हा सहभाग नव्हे! खासगी विनाअनुदानित शाळांना मात्र कलम २१ लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघातूनच हे करावं लागेल.