अनुभव धागा: सेवा क्लबची सकाळची साप्ताहिक नाश्ता-सभा

सेवा क्लबांच्या सकाळच्या सभा चालवणाऱ्यांसाठी हा धागा. सभा छान रंगते वगैरे इथे नको. किती वाजता काय करायचं, किती माणसांमागे किती लागतं, घोळ कुठे होतो आणि का होतो, तेवढंच लिहा. क्लब रोटरीचा असो, लायन्सचा असो की किवानीसचा, सव्वाआठला लोक कामावर पळणार ही अट सगळीकडे सारखीच.

सभागृहव्यवस्था पाहणारे

पस्तीस-चाळीस माणसांच्या सभेचं जमणारं वेळापत्रक असं: ६.१५ ला चहा-कॉफीचा बॉयलर चालू, ६.४५ ला दाराशी नोंदणीचं टेबल तयार, ७.०० ला नाश्ता, ७.२० ला घंटा, ७.३५ ला वक्ता, ७.५५ ला प्रश्न, ८.१० ला पुढच्या आठवड्याची माहिती, ८.१५ ला शेवटची घंटा. यातली ७.२० ची घंटा घसरली की पुढचं सगळं घसरतं आणि कात्री नेमकी वक्त्याच्या वेळेवर चालते. म्हणून खाणं चालू असलं तरी घंटा वाजवायचीच. घंटेनंतर खाता येतं, रांगेत उभं राहता येत नाही, एवढा नियम पुरतो.

बॉयलर पाऊण तास आधी लावायचा, कारण मोठ्या बॉयलरमधलं पाणी उकळायला तेवढा वेळ जातोच. दोन बॉयलर एकाच सर्किटवर लावू नयेत. दोन्ही तापत असतात तेव्हाच फ्यूज उडतो, म्हणजे ऐन तयारीच्या वेळेला, आणि अनेकदा त्याच लाइनवर माइकही असतो. एक बॉयलर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला जोडावा, पण आधी पाहून घ्यावं. भिंती दोन असल्या तरी सर्किट एकच निघू शकतं.

टेबलं अपेक्षित माणसांपुरतीच मांडावीत. बत्तीस येणार असतील तर आठ खुर्च्यांची चार गोल टेबलं, पाचवं भिंतीला घडी करून उभं. सहा टेबलं मांडली की तेवढीच माणसं पाच-पाचच्या बेटांवर बसतात, खोली रिकामी वाटते आणि नवा पाहुणा सर्वांत रिकाम्या टेबलावर एकटा जाऊन बसतो.

नाश्ता समिती

रांगेचा हिशेब सोपा आहे. ताटली भरायला माणशी साधारण २० सेकंद. ३६ माणसं एका बाजूने गेली तर १२ मिनिटं, टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजू मोकळ्या केल्या तर ६. भिंत आणि टेबल यांच्यात मीटरभर जागा हवी, नाहीतर ताटली घेऊन परतणारा माणूस रांगेलाच अडतो. चमचे आणि रुमाल रांगेच्या शेवटी ठेवावेत. सुरुवातीला ठेवले तर एक हात त्यातच अडकतो आणि वाढून घेण्याचा वेग निम्मा होतो. चहा-कॉफीचं टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला. साखर घालून ढवळत गप्पा मारणारा एक माणूस अख्खी रांग थोपवतो.

खाली पाणी आणि ज्योत असलेल्या बुफेच्या भांड्यांत गार पाणी ओतू नये. त्या ज्योतीचं काम गरम पदार्थ गरम ठेवण्याचं आहे, पाणी तापवण्याचं नाही. उकळतं पाणी ओतलं तर पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर राहतो. त्याखाली बराच वेळ रेंगाळलेलं अन्न उरलं म्हणून बांधून देऊ नये.

खजिनदार

ताटांचा आकडा "येतो" म्हणणाऱ्यांवरून कधी देऊ नये. गेल्या चार सभांची सरासरी काढावी, त्यात वक्ता आणि कळवलेले पाहुणे मिळवावेत आणि तो आकडा आदल्या संध्याकाळी केटररला लेखी कळवावा. ३० ताटं सांगितली आणि २४ माणसं आली तर पैसे तिसांचेच जातात, म्हणजे दर पाच ताटांतलं एक फुकट. ही गळती मारायची तर नाश्त्याचे पैसे तिमाहीला आगाऊ घ्यावेत. दारात सुटे मोजत बसण्याचा वेळ वाचतो, आणि ज्याने पैसे भरलेत तो थोडा जास्त नेमाने येतो हे अनुभवाला धरून आहे.

खाती दोन हवीत. नाश्ता, भाडं आणि वर्गणी प्रशासकीय खात्यात. लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा सेवा खात्यात. लायन्समध्ये तर जनतेकडून आलेला पैसा जनतेच्याच कामी लागला पाहिजे असा दंडक आहे. सेवा खात्यातून केटररचं बिल "तात्पुरतं" भागवायचं आणि पुढच्या महिन्यात परत टाकायचं, ही वाट वर्षअखेरीच्या हिशेब तपासणीत हमखास गोत्यात आणते. सभेत जमलेली रोकड दोघांनी मोजावी, आकड्याखाली दोघांच्या सह्या हव्यात, आणि हे खोली सोडण्याआधी व्हावं.

माजी सचिव

नावाचे बिल्ले वर्णानुक्रमे एका खोक्यात, खोकं दाराशी. येईल त्याने आपला बिल्ला उचलून लावायचा. ७.२० ला खोक्यात उरतात ते गैरहजर. वेगळी हजेरी घ्यावी लागत नाही. बिल्ल्यावर नाव मोठ्या ठशात, दोन मीटरवरून वाचता येईल असं. आडनाव आणि व्यवसाय खाली बारीक. बिल्ला उजव्या बाजूला लावावा, म्हणजे हात मिळवताना नजर आपोआप तिथे जाते. गळ्यातल्या दोरीचा बिल्ला टाळावा. तो नेमका उलटा फिरतो आणि बसलं की टेबलाखाली जातो.

रोटरीवाल्यांसाठी: सभेच्या निदान ६० टक्के वेळ बसलं तरच हजेरी लागते, तेव्हा नाश्ता करून निसटणाऱ्याला हजर धरू नये. २०१६ पासून क्लबांना सभांच्या बाबतीत बरीच मोकळीक आहे, महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. तरीही दर आठवड्याची सभा टिकवायची असेल तर वार आणि जागा बदलू नये. शिकागोत १९०५ साली सुरू झालेला पहिला क्लब आळीपाळीने सदस्यांच्या कचेऱ्यांत भरे आणि रोटरी हे नावही त्यावरूनच पडलं, हे खरं. पण तेव्हा माणसं मोजकी होती. आज जागा बदलली की पहिल्या दोन सभांना कोणी ना कोणी जुन्या दारात उभं असतंच.

वक्ता समन्वयक

वक्त्याला तीनदा कळवावं लागतं: ठरतं तेव्हा, आठवडा आधी आणि आदल्या दिवशी. आदल्या दिवशीच्या संदेशात पाचच गोष्टी: पत्ता, गाडी कुठे लावायची, पोचायची वेळ (७.००), बोलायची वेळ (२० मिनिटं) आणि आपल्या माणसाचा नंबर. "अर्धा तास आहे" असं सांगू नये. अर्धा तास ऐकलं की माणूस पाऊण तासाची तयारी करतो, आणि प्रश्न त्याच्या हिशेबात नसतातच.

स्लाइड आदल्या रात्री मागवून क्लबच्या लॅपटॉपवर उघडून पाहाव्यात. वक्त्याचा लॅपटॉप आणि आपला प्रोजेक्टर यांचं सकाळी ७.३० ला जुळेल अशा भरवशावर राहू नये. जवळ एचडीएमआय केबल, टाइप-सीचा अडॅप्टर आणि जुन्या व्हीजीएचा अडॅप्टर असावा. लॅपटॉपची स्लीप बंद करावी, अपडेट आदल्या दिवशी उरकून घ्यावेत.

आता पडदा. संध्याकाळच्या सभांना हा प्रश्न येत नाही, म्हणून त्यांच्याकडून शिकता येत नाही. सकाळी ऊन तिरपं असतं. पडदा पूर्वेच्या खिडकीसमोर लावला तर ऊन थेट त्यावर पडतं आणि अक्षरं धुऊन निघतात. खिडकीच्याच भिंतीला लावला तर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत ऊन जातं आणि वक्ता नुसती काळी आकृती दिसतो. उत्तर किंवा दक्षिण भिंत बरी. पण ऋतूबरोबर सूर्य उगवण्याची जागा सरकते, त्यामुळे एका मोसमात झकास चाललेली भिंत सहा महिन्यांनी दगा देऊ शकते. खोली पहिल्यांदा पाहायला जाल तेव्हा दुपारी नको, सभेच्या वेळेला जा.

ओळख शंभर शब्दांच्या आत, पाऊण मिनिटात संपणारी. वक्त्याने पाठवलेला दोन पानी परिचय वाचून दाखवणं हा वक्त्याच्याच वेळेवर डल्ला आहे.

तांत्रिक बाजू सांभाळणारे (वरील मुद्द्याला जोडून)

काही सदस्य ऑनलाइन बसत असतील तर लॅपटॉपचा माइक टेबलावर ठेवू नये. त्याला भाषणापेक्षा चमच्यांचा आवाज जास्त ऐकू येतो. वक्त्याच्या कॉलरला माइक, त्याचा आवाज थेट लॅपटॉपमध्ये. खोलीतला स्पीकर वक्त्याच्या पुढे ठेवावा, मागे नको, नाहीतर शिट्टी वाजते. ताटल्या वक्त्याची ओळख होण्याआधी उचलून झाल्या पाहिजेत. राहिल्या तर शेवटच्या घंटेपर्यंत हात लावू नये.

प्रकल्प समिती

सर्वाधिक वेळ खातात त्या घोषणा. पाच जण "फक्त एक मिनिट" म्हणून उठतात आणि तीन-तीन मिनिटं बोलतात, झाली पंधरा मिनिटं. घोषणा आदल्या संध्याकाळपर्यंत सचिवाकडे लेखी यावी, सचिवाने एकत्र वाचावी. तारीख, वेळ, जागा, किती हात हवेत, बस्स.

नावनोंदणीचा कागद दाराशी ठेवला तर कोरा परत येतो, कारण जाताना सगळ्यांना घाई असते. ७.०५ ला पहिल्या टेबलावर द्यावा, पेन दोऱ्याने बांधलेलं, आणि टेबलावरून टेबलावर फिरवावा. कागदावर रिकाम्या ओळी नकोत, कामं छापलेली हवीत: "८ ते १०, खुर्च्या मांडणे, ४ जण" अशी. समोर चौकट असली की लोक ती भरतात. "मदत करू इच्छिणारे" या मथळ्याखाली नेहमीचीच तीन नावं येतात.

एक माजी अध्यक्ष

गमतीच्या दंडाबद्दल कोणी लिहिलं नाही. लायन्सच्या नमुना पोटनियमांत टेल ट्विस्टरच्या (सभेत गंमत म्हणून सदस्यांना दंड करणारा पदाधिकारी) दंडाला मर्यादा आहे: कमाल रक्कम संचालक मंडळ ठरवतं, आणि एका सभेत एकाच सदस्याला दोनदापेक्षा जास्त दंड करता येत नाही. हीच मर्यादा कोणत्याही क्लबने घ्यावी. शिवाय पाहुण्याला दंड नको, आणि नव्या सदस्यालाही पहिले काही महिने नको. त्याला गंमत कळत नाही, नुसतं अवघडायला होतं. वेळ पाच मिनिटं, तीही वक्त्याच्या आधी.

सभागृहव्यवस्था पाहणारे (पुन्हा)

पाच मिनिटं ७.३० ला सुरू झाली तरच परवडतात. आणि राहिलेला एक मुद्दा: घड्याळ वक्त्याच्या पाठीमागे लावू नका. तिथे ते सगळ्या खोलीला दिसतं, फक्त त्याला दिसत नाही. समोरच्या भिंतीवर लावा आणि त्याखाली बसलेल्याच्या हातात "५" आणि "१" (उरलेली मिनिटं) लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या दोन पाट्या द्या.