बी विंग (अधिकृत): ३०१ चा कुत्रा

नाना २०१: सर्वांना नमस्कार. आज सलग तिसरा दिवस. ११.४० ते १.१५. मी घड्याळ घेऊन बसलो होतो. ३०१ ने नोंद घ्यावी. कोणावर वैयक्तिक रोख नाही.

३०२: रोख नाही म्हणायचं आणि फ्लॅट नंबर लिहायचा 😄

नाना २०१: वहिनी, तुमची तर भिंतीला भिंत आहे. तुम्हाला ऐकू येत नाही?

३०२: येतं की. पण ४०२ च्या ड्रिलपुढे पेढ्याचं भुंकणं गोड वाटतं. ड्रिल सोमवारी आलं, पेढा मंगळवारी सुरू झाला. सहज म्हटलं.

४०२: काम १० ते ५ च चालतं, सेक्रेटरींची लेखी परवानगी आहे. विषय कुत्र्याचा आहे, कुत्र्याचाच ठेवा.

नाना २०१: ड्रिल थांबतं हो. चहाला थांबतं, जेवायला थांबतं. कुत्रा थांबत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रहिवासी भाग, दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सर्वांनी वाचावे.

१०४: भाडेकरू ठेवताना कुत्रा आहे का विचारा, हे मी वार्षिक सभेला ओरडून सांगितलं होतं. तेव्हा सगळे समोसा खात होते. आता भोगा.

३०३: दादा, आम्हीपण भाडेकरूच आहोत. कुत्रा नाही, पण मेसेज वाचता येतात.

१०४: तुमच्याबद्दल नाही हो.

सेक्रेटरी: कृपया शांतता राखा. ३०१ च्या मालकांना बंगळुरूला फोन केला होता. उचलला नाही. नेहमीप्रमाणे.

१०४: ठराव करा. प्राणी बंद. निदान लिफ्ट तरी बंद.

५०१: टिकणार नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाईडलाईन्स आहेत. बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे जादा पैसेही घेता येत नाहीत. मालक असो की भाडेकरू. मांजराच्या वेळी हेच टाइप केलं होतं, वर जाऊन बघा.

नाना २०१: बंदी कोण म्हणतंय? ५५ डेसिबल.

५०१: नाना, तो आकडा परिसरातल्या एकूण आवाजाचा आहे. एकट्या पेढ्याचा नाही.

माई १०२: काल मी जिन्यात थांबून ऐकलं. आधी दार खरवडतो, मग कण्हतो, मग भुंकतो. रडतंय ते पोर. वर्षभर ती मुलगी घरून काम करत होती, तेव्हा आवाज आला का कोणाला?

३०१: सॉरी सॉरी, मीटिंगमध्ये होते. नाना, मनापासून माफ करा. या आठवड्यापासून मंगळ-बुध-गुरु ऑफिसला जावं लागतंय. ९ ला निघते. सकाळी १० मिनिटं खाली नेऊन आणते, पाणी ठेवते, हवा यावी म्हणून गॅलरीचं दार उघडं ठेवते.

५०३: ते दार आधी बंद कर. गेट, कुरिअरवाले, ड्रिलची माणसं, सगळं दिसतं तिथून. पडदा ओढ. आणि १० मिनिटांत कुत्र्याचं काय होतंय? ४० मिनिटं फिरव, मनसोक्त हुंगू दे, ओढू नकोस. आमची राणी अशीच करायची. सुट्टीच्या दिवशी किल्ली उचलायची, चपला घालायच्या आणि परत सोफ्यावर बसायचं. दहा वेळा, म्हणजे किल्ली वाजली की तू चाललीस असं त्याला वाटणार नाही. मग १ मिनिट बाहेर, मग ५, मग १५. निघताना "येते हं बाळा" वगैरे नाही. रबरी पोकळ खेळणं मिळतं, त्यात बिनमिठाचा दहीभात भरून रात्री फ्रीजरला ठेव. अर्धा तास चाटत बसतो. महिना-दोन महिने धर, आठवड्यात होणार नाही.

१०४: भुंकलं की करंट देणारा पट्टा मिळतो ऑनलाइन.

५०१: आधी तुम्ही घालून बघा.

१०४: वयाचा मान ठेवा ताई.

५०१: ठेवला म्हणून एवढंच लिहिलं.

३०२: 🤭

नाना २०१: ध्वनिप्रदूषण नियम, २०००. दिवसा ५५...

५०३: नाना, पाठ झालं आता सगळ्यांना.

नाना २०१: मुलगा रात्रपाळी करून सकाळी ८ ला येतो. बरोबर डोक्यावर नखांचा आवाज. तीन दिवस झोपला नाही, आणि परत बाईकवर जायचं त्याला.

सेक्रेटरी: हे आधी सांगायचं ना नाना.

नाना २०१: घरातल्या गोष्टी ग्रुपवर कशाला.

३०१: काका, तो कुठल्या खोलीत झोपतो? मागच्या? मग ती खोली मी जाताना बंद ठेवते, पेढ्याला हॉलमध्ये ठेवते. खाली सतरंजी टाकते. नखंही उद्याच कापून आणते. मला खरंच माहीत नव्हतं.

नाना २०१: मागच्या. बघू.

माई १०२: एक किल्ली माझ्याकडे दे. ११ ला मी खाली घेऊन येते त्याला, ४ पर्यंत माझ्याकडे पडून राहील. गुरुवारी नाही जमायचं, गुरुवारी भजन असतं.

३०२: भजन किती डेसिबलचं माई? 😄

माई १०२: तू ये म्हणायला, मग वाढतील.

३०१: माई 🙏 गुरुवारचं मी ऑफिसात बोलून बघते.

१०४: म्हणजे ठराव नाही.

सेक्रेटरी: नाही.

४०२: उद्या बाथरूमच्या टाइल्स फोडायच्या आहेत. १०.३० ते १. सर्वांनी सहकार्य करावे.

नाना २०१: ५५ डेसिबल.