मदत हवी आहे: ज्यूटच्या गालिच्यावर सतरंजी, पण पावसाळ्याचं काय?

नमस्कार मंडळी,

आमचं डिचोलीला जुनं कौलारू घर आहे. हॉल बारा बाय सोळा, खाली लाल कोबा. गेल्या दिवाळीला हौसेनं आठ बाय दहाचा ज्यूटचा गालिचा घेतला आणि त्यावर आईची सोलापुरी सतरंजी टाकली, चार बाय सहाची. दोन-चार महिने जो आला तो विचारून गेला, कुठून आणलं म्हणून.

आता रड सुरू. एक म्हणजे सतरंजी जागेवर राहत नाही. मुलगा धावत आला की तिच्या घड्या होऊन सोफ्याखाली. सासूबाई म्हणतात, "चवथीला पंचवीस माणसं येतली, एक तरी आपटणार." (खोटं नाही, मागच्या महिन्यात मीच आपटले.) दुसरं, मृगाचा पाऊस लागल्यावर गालिच्याचा कोपरा उचलला, तर खालून ओल्या गोणपाटासारखा वास आणि कोब्यावर पांढरट बुरशी. दुकानदारानं दिलेली रबरी जाळीही चिकट झालीय, जमिनीवर तिचे चौकोन उमटलेत.

दोन थर ठेवायचेच आहेत. कसे ठेवू?

फोंड्याचा भाचा:
ज्यूट हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यात जुन्या घराची जमीन खालून ओल सोडते. सतरंजीमुळे मधला भाग तर वाळतच नाही. आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी ज्यूट कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवतो, गुंडाळून माळ्यावर टाकतो, तो दसऱ्याला खाली. धुवायच्या भानगडीत पडू नका, पिवळे डाग पडतात. पावसात खालच्या थराला प्लॅस्टिकच्या विणीची चटई घाला, पुसली की कोरडी. वर सुती सतरंजी चालेल, ती धुता तरी येते. रबरी जाळी आधी काढा.

सुईदोरा:
सरकण्यावर उपाय: दाभण घ्या आणि सतरंजीचे चारही कोपरे खालच्या थराला जाड दोऱ्यानं टाचून टाका. टाके सैल, धुवायच्या वेळी कापता आले पाहिजेत. माझे दोन वर्षं टिकलेत. मापाचंही बोलते, रागावू नका. आठ बाय दहावर चार बाय सहा म्हणजे मोठ्या ताटात एकच पुरी. पाच बाय सातची घेतलीत तर चारही बाजूंनी बरोबर दीड फूट ज्यूट दिसेल. आणि जाड खाली, पातळ वर असं कधी करू नका. मऊ लोकरी गालिच्यावर पातळ सतरंजी टाकली की सुरकुत्या पडणारच. तुमचं ज्यूट चपट विणीचं असेल तर प्रश्न नाही.

फोंड्याचा भाचा:
दाराच्या वाटेत मात्र दोन थर नकोत. दार अडतं आणि म्हाताऱ्या माणसांचा पाय तिथेच अडकतो.

धागाकर्ती:
दोघांनाही धन्यवाद. चपट विणीचंच आहे. ज्यूट आज पंख्याखाली दोन खुर्च्यांवर पसरलंय, ऊन कसलं मिळतंय आत्ता! आईची सतरंजी मात्र बदलणार नाही, पुरी तर पुरी. सोफा पुढे ओढून ज्यूटची एक बाजू त्याच्या पायांखाली घेते, म्हणजे रिकामं कमी दिसेल. शेजारच्या काकांकडून दाभण आणलंय. कोब्यावरचे ते रबराचे चौकोन कुणी घालवलेत का? साबणानं घासून पाहिलं, ढिम्म.