मदत हवी आहे: माला-एन (गर्भनिरोधक गोळ्या) चालू असताना मधेच अंगावर जातंय, पाकीट बंद करावं का?

धागाकर्ती:
वय २७, बाळ दोन वर्षांचं, अंगावरचं दूध बंद झालंय. आशाताईंकडून माला-एन मिळते. पहिलं पाकीट पाळीच्या पाचव्या दिवशी सुरू केलं, ते नीट पार पडलं. दुसऱ्यात ९ आणि १० नंबरच्या गोळ्या राहून गेल्या. ११ व्या रात्री तिन्ही एकदम घेतल्या. १३ व्या गोळीपासून तपकिरी डाग, कालपासून लाल. दिवसाला दोन पॅड. पोटात दुखत नाही, उलट्या-जुलाब नाहीत. आज १७ वी गोळी. शेजारच्या काकू म्हणतात, "अंगावर जायला लागलं म्हणजे पाळीच आली. गोळ्या थांबव आणि पाचव्या दिवशी नवीन पाकीट धर." थांबवू का? दिवस राहायची भीती आहे का?

प्रतिसाद १:
ताई, थांबवू नका. आजची १७ वी रोजच्या वेळेला घ्या.

ही पाळी नाही. प्रत्येक पांढऱ्या गोळीत ०.१५ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिग्रॅ इथिनिल इस्ट्राडिऑल असतं. गर्भाशयाचं आतलं अस्तर या दोन हार्मोन्सच्या आधारावर टिकून असतं. दोन रात्री गोळी गेली नाही, आधार सुटला, अस्तर थोडं थोडं गळायला लागलं. गोळी चुकल्यावर दोन-तीन दिवसांनी डाग दिसतात, तुमचा हिशेब अगदी तसाच लागतो. गोळ्या परत सुरू झाल्या तरी सुटलेलं अस्तर बाहेर पडायला काही दिवस जातात. शिवाय पहिल्या तीन पाकिटांत एकही गोळी न चुकवता डाग पडू शकतात, कारण शरीर अजून रुळलेलं नसतं. गोळ्या वेळेवर चालू असतील तर डाग पडले म्हणून गोळी निकामी झाली असं होत नाही.

आता काकूंचा "पाचवा दिवस". तो फक्त पहिल्या पाकिटापुरता. त्यानंतर पाळीचे दिवस मोजायचेच नाहीत. २१ पांढऱ्या, मग ७ लोहाच्या (यांत हार्मोन नसतं), आणि २८ वी संपली की दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली, रक्तस्राव चालू असो, संपलेला असो वा आलेलाच नसो. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण गडबड इथेच होते. लोहाच्या दुसऱ्या ते चौथ्या गोळीच्या सुमारास पाळी येते. एखादी बाई "पाळीचा पाचवा दिवस येऊ दे" म्हणून थांबली आणि पाळी एक-दोन दिवस उशिरा आली, तर हार्मोनशिवायचा खंड सात दिवसांवरून नऊ-दहा दिवसांवर जातो. तेवढ्यात बीजकोश जागा होतो आणि बीज बाहेर पडू शकतं. तुम्ही आत्ता थांबलात तर एकाच पाकिटात दुसरा खंड पडेल. रक्तस्राव वाढेल आणि संरक्षणही जाईल.

तीन गोळ्या एकदम घेतल्याने धोका नाही, मळमळ होते एवढंच. दोन किंवा जास्त चुकल्या की राहिलेल्यांपैकी शेवटची एक लगेच घ्यायची, बाकीच्या टाकून द्यायच्या, त्या दिवशीची ठरल्या वेळी, आणि पुढच्या सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोध. तुमच्या ११ ते १७ अशा सात आज रात्री पूर्ण होतात. चुकण्याआधी आठ गोळ्या नीट गेल्या होत्या, म्हणून दिवस राहण्याची शक्यता कमी आहे. तरी लोहाच्या सातही गोळ्या संपून पाळी आली नाही तर निश्चय किटवर (दिवस राहिलेत का ते बघायचं किट) सकाळची पहिली लघवी तपासा. किट आशाताईंकडेच मिळतं.

एकच गोळी चुकली तर आठवण होताच घ्यायची, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. निरोध लागत नाही. लोहाची चुकली तर टाकून द्या. १५ ते २१ मधल्या दोन चुकल्या तर मात्र सात दिवस निरोध तर हवाच, शिवाय पांढऱ्या संपल्यावर लोहाच्या न घेता थेट नवं पाकीट. पहिल्या आठवड्यातल्या दोन चुकल्या आणि त्याआधीच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर आपत्कालीन गोळीबद्दल लगेच विचारा. ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी.

प्रतिसाद २:
वरचं सगळं बरोबर. दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, तेही सांगा. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही औषधं यकृतात गोळीतले हार्मोन्स लवकर संपवतात. त्यांच्यासोबत गोळी रोज घेऊनही डाग पडतात, आणि तिथे ते खरोखर संरक्षण घटल्याचं लक्षण असू शकतं. रिफाम्पिसिन थांबल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. अशांनी तांबी किंवा इंजेक्शनचं विचारावं. सर्दी-खोकल्याच्या अॅमॉक्सिसिलिनने असं होत नाही, उगाच घाबरू नका.

गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची, पण ती जास्तीच्या पाकिटातून. चालू पाकिटातली घेतली की नंबर पुढे सरकतात आणि महिनाभर गोंधळ होतो.

तासाला एक पॅड भिजून असे दोन तास गेले, चक्कर आली, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, संबंधानंतर दर वेळी रक्त दिसलं, वास येणारं पाणी जातंय, यातलं काहीही असेल तर वाट न बघता तपासून घ्या. तीन पाकिटं नीट घेऊनही डाग थांबले नाहीत तरीही. गर्भपिशवीच्या तोंडाची सूज, पॉलिप, गाठ हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि एक पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखून धाप लागणं, अचानक भयंकर डोकं दुखणं किंवा दिसेनासं होणं या गोष्टी डागांपेक्षा फार गंभीर. तिथे गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठायचा.

धागाकर्ती:
दुसरं कुठलंच औषध नाही. आजची घेते. अजून एक: दहा दिवसांनी गौरी आहेत. मेडिकलवाले पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या देतो म्हणतात. माला-एन सोबत चालतील का?

प्रतिसाद १:
त्यांची गरजच नाही. त्या नोरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅच्या असतात, दिवसातून तीनदा घ्याव्या लागतात. तुमच्या पांढऱ्या गोळीतही त्याच जातीचं हार्मोन आहे, वरून आणखी कशाला? २१ वी पांढरी झाली की लोहाच्या सात बाजूला ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या पाकिटातली पहिली पांढरी घ्या. मग पाळी तिसऱ्या पाकिटाच्या लोहाच्या दिवसांत येईल. तुमचे डाग अजून ताजे आहेत, त्यामुळे गौरींच्या दिवशी अजिबात काही दिसणार नाही अशी खात्री देता येत नाही. पाळीसारखं मात्र सहसा जाणार नाही. आशाताईंकडून तिसरं पाकीट याच आठवड्यात आणून ठेवा. २२ व्या दिवशी ते घरात नसेल तर हा सगळा बेत फसतो.