सासूबाईंना धाप, ताप मात्र नाही. सोमवारपर्यंत थांबावं का?

कृष्णाकाठची
सासूबाई ७२ वर्षांच्या, मधुमेह जुना. परवापासून खोकला, जेवण तुटलंय. ताप ९९ च्या वर गेलाच नाही, म्हणून खोकल्याच्या औषधावरच आहेत. आज सकाळपासून मला नणंदेच्या नावाने हाक मारतात, वार सांगता येत नाही. घरात लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या आहेत. सुरू करू का? डॉक्टर सोमवारी येतील.

सोनचाफा_एमडी
ताई, गोळी देऊ नका आणि सोमवारची वाटही बघू नका. उतारवयात न्यूमोनियाला ताप येईलच असं नसतं. एकाएकी बरळायला लागणं हेच कधीकधी पहिलं लक्षण. त्या शांत पडलेल्या असताना छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. साखरही तपासा, ती उतरली तरी माणूस असंच बोलतं. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट चोळून गरम करा.

कृष्णाकाठची
श्वास ३४. ऑक्सिजन ८८. साखर २६०.

सोनचाफा_एमडी
१०८ ला फोन करा, आत्ता. आयसीयू असलेल्या ठिकाणीच न्या. भ्रम, ६५ च्या पुढचं वय आणि ३० च्या वर श्वास, या तिन्ही गोष्टी गंभीर न्यूमोनियाकडे बोट दाखवतात. बीपी आणि रक्तातलं युरिया तिथे बघतील. सोबत रोजच्या गोळ्या घ्या.

लिव्होफ्लॉक्सासिन नको म्हटलं, कारण टीबी असेल तर त्याने तो थोडा दबतो आणि निदान लांबतं. सहसा सेफ्ट्रायॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स शिरेतून देतात, फ्लूचा संशय असेल तर ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषधही.

रानवाट७
माझ्या वडिलांना आयसीयूत स्टेरॉइड दिलं होतं. मधुमेहींना चालतं?

सोनचाफा_एमडी
साखर वाढते, ती इन्सुलिनने सांभाळतात. २०२३ मध्ये फ्रान्समधली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: आयसीयूतल्या गंभीर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ वर आले. फ्लूच्या न्यूमोनियात मात्र टाळतात.

कृष्णाकाठची
उजव्या फुफ्फुसात खाली न्यूमोनिया निघाला. थुंकी टीबीसाठी पाठवली होती, नाही निघाला. आज त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि चहा मागितला! तुमचे उपकार कसे फेडू, सर. एक्सरेत डाग अजून दिसतोय, काळजी करू का?

सोनचाफा_एमडी
फार आनंद झाला. माणूस आधी सुधारतं, डाग मागाहून जातो. सहा आठवड्यांनी पुन्हा एक्सरे काढा. फ्लूची आणि न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या एका जंतूची) लस कधी द्यायची ते घरी सोडतानाच विचारून घ्या.