अंगठा उठला नाही तर?

"रेशन सरकारचं, त्यात पंचायत काय करणार" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 28 नुसार रेशन दुकानांचं सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे लोकांसमोर कारभाराची तपासणी, पंचायतीसारख्या स्थानिक संस्थेनं किंवा राज्य नेमेल त्या यंत्रणेनं करायचं असतं, निष्कर्षही जाहीर करायचे असतात. आमच्याकडे हे कुणी मागतच नाही.

कर्नाटकात बेळगावजवळच्या खानापूरकडच्या आमच्या गावात ऐन भातलावणीत आजीचा अंगठा रेशन दुकानातल्या ओळख पटवायच्या मशीनवर उठेना. चिखलात राबून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. दोनदा ती हात हलवत परत आली. दुकानावरची सूचना कानडीत, तिला वाचता येईना. शेवटी पंचायतीच्या सदस्यबाई सोबत गेल्या, ओळख पटवली, तेव्हा तांदूळ मिळाला. ग्रामसभेत अशा म्हाताऱ्या माणसांची यादी करायला लावा, आणि सूचना मराठीतही लावून घ्या.